ज्युदो, जिऊ-जित्सू, कुस्ती की साम्बो: बत्तिसाव्या वर्षी काय धरावं?

प्रश्न असा: "वय ३२, वजन ६४ किलो, दिवसभर बैठं काम, आजवर कुठलाच खेळ केलेला नाही. ज्युदो, ब्राझिलियन जिऊ-जित्सू, कुस्ती, साम्बो यांपैकी काय शिकावं? खऱ्या मारामारीत कोणतं उपयोगी पडतं? आणि ज्युदोत आता पाय धरू देत नाहीत म्हणे, मग तो अर्धवट झाला का?"

शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. नाहीतर 'कोणतं श्रेष्ठ' छापाच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

पाय धरू देत नाहीत हे खरं आहे. ते बंद झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि मला मनापासून येणारा एकच डाव होता, तो पाय धरण्याचाच. मोरोते-गारी. कुस्तीत दुहेरी पट काढतात तसाच. समोरच्याने कॉलर धरायला हात पुढे केला की त्या हाताखालून शिरायचं, खांदा त्याच्या पोटाला, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांमागे, आणि आपलं डोकं त्याच्या बरगड्यांच्या बाहेरच्या अंगाला. डोकं मधे राहिलं तर गळा आयता त्याच्या हातात. हे एवढं डोक्याचं आमच्या ज्युदोच्या सरांनी माझ्याकडून सहा महिने घोटून घेतलं. तोंडाने काही बोलायचे नाहीत. मी शिरलो की माझ्या कानावर तळहात ठेवून डोकं जिथे हवं तिथे दाबायचे, बस.

२०१० साली नियम आला: उभ्याने लढताना कमरेखाली हाताने थेट हल्ला केला की हन्सोकु-माके, म्हणजे सरळ बाद. थोडे अपवाद ठेवले होते, २०१३ मध्ये तेही काढले. मला नियम माहीत नव्हता असं नाही. तीन महिने सरावात हात मागे घ्यायला शिकत होतो. स्पर्धेत पहिल्याच लढतीत समोरच्याने कॉलरकडे हात टाकला आणि माझं अंग आपोआप खाली गेलं. तो पाठीवर पडला, अगदी स्वच्छ. मी उठून पट्टा सारखा करतोय तोवर पंचाचं बोट माझ्याकडे. वीस सेकंदही झाले नसतील.

सरांशी त्याच संध्याकाळी वाजलं. ते म्हणाले, "नियम म्हणजेच ज्युदो." मी म्हणालो, "कानोंनी १८८२ साली सुरू केला तेव्हा होता का हा नियम? नागे-नो-कातामध्ये (परीक्षेत करून दाखवायच्या ठरलेल्या फेकी) काता-गुरुमा (खांद्यावर उचलून टाकणं) आजही करायला लावता, त्यात हात मांडीतच जातो ना? परीक्षेत केलं तर गुण आणि स्पर्धेत केलं तर बाद?" सर शांतपणे म्हणाले, "पटच काढायचा असेल तर कुस्तीला जा. तिथली दहा वर्षांची पोरं तुझ्यापेक्षा बरा काढतात."

खोटं असतं तर लागलं नसतं. कुस्तीला काही मी गेलो नाही. दोन वर्षं रुसून घरी बसलो आणि मग जिऊ-जित्सूच्या क्लासला गेलो.

तिथे ज्युदोचा ब्लॅक बेल्ट म्हणजे कौतुकाने 'अरे वा', आणि कमरेला पांढरा पट्टा. पहिल्या दिवशी मला एका ब्लू बेल्टबरोबर सोडलं. हिशेबनीस माणूस, माझ्यापेक्षा दहा किलोने हलका, चष्मा डबीत घालून डबी भिंतीशी ठेवून आलेला. त्याने कॉलरकडे हात केला. दोन वर्षांनी मी परत खाली शिरलो आणि त्याला उचलून असा टाकला की शेजारची जोडी थांबून बघायला लागली. काय वाटलं म्हणून सांगू! आणि मी हात सैल सोडले.

अकरा वर्षांची सवय ती. समोरच्याची पाठ टेकली की संपलं. त्याच्या लेखी आत्ता कुठे सुरू होत होतं. पडल्या पडल्याच त्याने माझी कंबर पायांत धरलेली, कोपर ओढलं, मी कलंडलो. कलंडल्यावर मी काय केलं असेल? ज्युदोवाला जे करतो तेच. पोटावर झालो, कोपरं आत घेतली, हनुवटी छातीला लावली आणि पंचाचं 'माते' (थांबा) ऐकू यायची वाट बघत पडून राहिलो. ज्युदोत हे शहाणपणाचंच आहे. खाली काही घडत नसेल तर पंच काही सेकंदांत थांबवतो आणि दोघांना उभं करतो. इथे पंच कुठला? त्याने सावकाश एक पाय माझ्या मांडीच्या आतून घातला, मग दुसरा. मग मनगटाचं हाड हनुवटीखाली सरकायला लागलं, घाई अजिबात नाही. गळा नीट आवळला गेला तर दुखत नाही, फक्त खोलीतले आवाज लांब जातात. मी टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. सहा मिनिटांत असं पाच वेळा. शेवटी चष्मा चढवत तो म्हणाला, "थ्रो मात्र छान होता." त्यांच्या नियमात थ्रोला २ गुण, पाठ घेतली की ४. बरेच लोक थ्रोच्या फंदात न पडता सरळ खाली का बसतात, ते त्या दिवशी कळलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या सहा मिनिटांत आहे. नियम ज्याला मनाई करतो ते अंग विसरतं, आणि नियम जिथे लढत थांबवतो तिथे अंगही थांबतं. ज्युदो अर्धवट झाला का? झाला. उरलेल्यांत पूर्ण कोण आहे तेवढं दाखवा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हातच लावायचा नाही. फ्रीस्टाइलमध्ये पायांना मोकळीक, पण गळा आवळणं नाही, सांधा मुरगाळणं नाही. दोन्ही खांदे टेकले की चीतपट, म्हणून पैलवानाला पाठीवर पडायची एवढी धास्ती की जिऊ-जित्सूत आल्यावर तो पाठ टेकण्याऐवजी पाठ देतो आणि गळ्यात सापडतो. जिऊ-जित्सूवाल्याला उलट पाठीवर पडणं म्हणजे खुर्चीत बसण्यासारखं. दोन-दोन वर्षं झालेले लोक आहेत, उभ्याने ढकललं तर कोलमडतात. ज्युदोत कोपराचा सांधा आणि गळा चालतो, पायाचे सांधे नाहीत. साम्बो हा सोव्हिएत रशियातला कुस्तीप्रकार; स्पोर्ट साम्बोत पायाचे सांधे चालतात, गळा नाही. तुम्हाला कुठलं अपंगत्व परवडेल तेवढं ठरवायचं.

आता तुमचं. ६४ किलो, बत्तीस वर्षं, बैठं काम. जिऊ-जित्सूपासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यापासून पूर्ण ताकदीच्या माणसाशी झटापट करता येते, कारण जमिनीवर आधीच बसलेला माणूस पडणार कुठे? ज्युदोत तीच झटापट उभ्याने होते आणि दुसऱ्याने आपटल्यावर नीट पडायला अंगाला वेळ लागतो. जिथे पहिले दोन-तीन महिने नुसती उकेमी (नीट पडण्याचा सराव) करून घेतात आणि रँडोरीला (मोकळ्या झटापटीला) लगेच सोडत नाहीत अशी जागा मिळाली तर ज्युदोच घ्या, माझं काही ऐकू नका. पहिल्याच दिवशी 'चल, खेळ' म्हणाले तर बूट घालून घरी या. कुस्तीचं दुखणं वेगळं आहे, तिचा सराव पोरासोरांच्या दमाला बेतलेला. लढत म्हणाल तर ३ मिनिटांचे दोनच भाग, पण त्यासाठी जी तालीम होते ती बत्तिशीत सुरू करणं म्हणजे पहिला महिना उलट्या आणि दुसरा महिना सुट्टी. तरी मोठ्या नवख्यांना घेणारा कुणी भेटला तर सहा महिने नक्की जा. तेवढ्या कुस्तीवर पुढे कुठेही गेलात तरी उभ्याने तुम्हाला हलवणं जड जाईल. साम्बो चांगला आहे, शिकवणारा खरा असेल तर. बहुतेकांना तो मिळतच नाही, मिळतो तो साम्बोचा टी-शर्ट घातलेला दुसरा कुणीतरी.

मारामारीचं विचारलंत. मारामारीत पळणं उपयोगी पडतं. पळता येण्यासाठी उभं असावं लागतं. आणि हे वाक्य माझं नाही, सरांचं आहे. नऊ वर्षं मी त्याच्याशी भांडलो.

बोलणं बंद नव्हतं आमचं, भेटलो की पहिल्या पाच मिनिटांत तिथेच येऊन ठेपायचो. मी १९९३ काढायचो: पहिल्या यूएफसीत, म्हणजे सगळ्या कलांच्या खुल्या लढतींत, जिऊ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, जमिनीवर नेऊनच ना? ते १९५१ काढायचे: ज्युदोवाल्या किमुराने जिऊ-जित्सूवाल्या हेलिओ ग्रेसीचा हात मोडला, त्यांच्याच देशात, आणि पुढे तुम्ही लोकांनी त्या डावाला किमुराचंच नाव दिलंत. मी म्हणायचो, मोडला तरी हेलिओने टॅप केलं नाही. ते म्हणायचे, शहाणपण तेच का? गंमत म्हणजे ही सगळी भाऊबंदकी आहे. कोदोकानचा, म्हणजे कानोंच्या ज्युदोशाळेचा, माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ग्रेसींच्या घरात विद्या गेली. साम्बोचा एक जनक ओश्चेप्कोव्ह, तोही कोदोकानमध्येच शिकलेला. १९३७ मध्ये त्याला जपानचा हेर ठरवून पकडलं आणि तो कोठडीतच वारला. पुढच्याच वर्षी साम्बोला सरकारी मान्यता मिळाली, आणि त्यातलं ज्युदोचं नाव बराच काळ कुणी उच्चारलं नाही. आमचे सर माझं नाव क्लासमध्ये उच्चारत नसत, तसंच.

एकदा मी चिडून विचारलं होतं, "सर, भांडणात पंच कोण असतो? कोण बाद ठरवतो?" ते म्हणाले, "आणि गादी कोण अंथरतं?" यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. फरशीवर गार्ड घेऊन, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याला पायांत धरून, पाठ घासून बघा, मग कळेल.

चार वर्षांपूर्वी आमच्या क्लासला एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, ज्युदोचा ब्राउन बेल्ट घरी ठेवून आलेली. मी तोवर पर्पल बेल्ट, नवख्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे. उभं राहून सुरू करू म्हटलं. तिने बाही धरली, मी एक पाऊल टाकलं, आणि पाय जमिनीला लागायच्या आत तो तिथे नव्हताच. दे-आशी-बाराई. ताकद काही लागत नाही त्याला, पावलावर वजन येण्याच्या त्या क्षणी तळव्याने सरकवायचं. मी डाव्या कुशीवर पडलो, हात आपसूक गादीवर आपटला. सात-आठ वर्षांत मला असं कुणी पाडलं नव्हतं, कारण आमच्यात तसं पाडणारं कुणी उरलंच नव्हतं. मग जमिनीवर मी तिला उलटी केली. ती पोटावर झाली, कोपरं आत, हनुवटी छातीला, आणि वाट बघत पडून राहिली.

मला हसू आलं. पाठ घेतली, गळा धरला नाही. म्हटलं, "इथे 'माते' म्हणणारं कुणी नाही."

पाणी पिताना विचारलं, "सरांनी पाठवलं का?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "विचारलं तर नाही म्हणून सांग, असं म्हणालेत."

ती दोन वर्षं येत होती. एकदा मी पोरांना दुहेरी पट दाखवत होतो, तर एकाचं डोकं सारखं मधे येत होतं. ती मागून म्हणाली, "हे सर अजून शिकवतात आम्हाला. स्पर्धेत चालत नाही, तरी शिकवतात." बघितलं तर माझा तळहात त्या पोराच्या कानावर.

तेव्हा सर, आपलं भांडण मी अर्धं हरलो असं समजा. उभं राहता आलं पाहिजे, कबूल. पण २०१० च्या नियमाबद्दल माझं मत तेच आहे आणि तुमचंही तेच असावं, नाहीतर जो डाव चालत नाही तो अजून कशाला शिकवता?

प्रश्नकर्त्याला राहिलेल्या दोन-चार गोष्टी. गुडघ्याचं किंवा मानेचं जुनं दुखणं असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला विचारा, हे खरं तर मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं. जिथे जाल तिथे पहिल्या वर्षात हील हूक (टाच पिळून गुडघा मुरगाळायचा डाव) कुणाला लावू देऊ नका. गी (सरावाचा जाड अंगरखा) घालून खेळताना तो बहुतेक ठिकाणी बंदच असतो, पण गीशिवायच्या क्लासमध्ये एखादा उत्साही भेटतो. कोपराचा सांधा दुखून सांगतो, हील हूकमध्ये दुखेपर्यंत गुडघ्यातलं काहीतरी गेलेलं असतं. पाय धरला गेला आणि काय चाललंय कळलं नाही तर तिथेच टॅप करा, लाज बाळगू नका. नखं कापून जा. अंगावर गोल लाल चट्टा उठला तर बरा होईपर्यंत गादीवर पाय ठेवू नका, एकाचा चट्टा आठवड्यात सगळ्या क्लासला होतो.

आणि चष्म्याला डबी घ्या, कडक कव्हरची. भिंतीशी नुसता ठेवलेला चष्मा कुणाच्या तरी पाठीखाली जातोच.