बंद खोलीत उगवणारे तारे

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जायरो (फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण) आणि ताऱ्यांचा कॅमेरा एकत्र वापरणारी दिशादर्शन यंत्रणा उड्डाणाआधी जमिनीवरच तपासतात, असं वाचलं. पावसाळ्यात तर इथे आठवडाभर एक तारा दिसत नाही. मग तपासणी होते कशी, आणि तिच्यावर विसंबायचं किती?
— एक विद्यार्थिनी, वारजे

उत्तर : तारे खोलीतच उगवतात. छोट्या पडद्यावर त्या क्षणाचे, त्या दिशेचे तारे उमटवतात आणि पुढे किरण समांतर करणारं भिंग, म्हणजे कोलिमेटर, बसवतात. त्याला पर्याय नाही. खरा तारा इतका लांब की कॅमेरा वीतभर सरकला तरी त्याची दिशा तीच. उघडा पडदा मीटरभरावर ठेवलास, तर कॅमेरा पाच मायक्रॉन हलला तरी एका आर्कसेकंदाची, म्हणजे अंशाच्या ३,६००व्या भागाची चूक होते.

जायरो तीन अक्षांच्या टर्नटेबलवर चढवतात. टेबल विमानासारखं वळतं, पण जागा सोडत नाही. म्हणून उड्डाणातलं त्वरण संगणकाने आकड्यांतून पुरवायचं. शिवाय जायरोला पृथ्वीचं फिरणंही जाणवतं, तासाला सुमारे १५ अंश. पुण्याच्या अक्षांशावर त्याचा उत्तरेकडचा घटक साधारण १४.३, उभा ४.८. संगणकातलं विमान लडाखवर असेल, तर हे वजा करून तिथले घालायचे.

निवृत्तीपर्यंत मी अशाच टेबलाशी बसलो, आणि मला विचारशील तर खरी मेख वेळेची. टेबल सेकंदाला १० अंश वळतंय आणि सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा पडदा एकाच चित्राने मागे पडला, की ६०० आर्कसेकंदांची चूक! दोष खोलीचा, पण बसतो यंत्रणेच्या माथी.

आता विसंबण्याचं. जायरोची चूक वेळेबरोबर साचत जाते. तारा दिसला की कालमन फिल्टर, म्हणजे दोन्हींच्या मोजमापांचा मेळ घालणारं गणित, ती ओळखून दुरुस्त करतो. पण तपासणीसाठी ज्या गणिताने जायरोच्या खोट्या चुका तयार केल्या, तेच फिल्टरमध्ये असेल तर आपणच पेपर काढून आपणच सोडवल्यासारखं झालं. आलेख फारच देखणा आला की मी आधी तेच तपासायला लावत असे, आणि तरुण मंडळी वैतागत. कित्येक तास नोंदवलेला खऱ्या जायरोचा डेटा घालून बघ. फिल्टर तिथे घाम गाळतो.

दिवाळीनंतर आभाळ निवळलं, की यंत्रणा गच्चीवरही न्यायची. कॅमेरा डोक्यावरच्या आकाशाकडेच ठेव. क्षितिजाजवळ हवा ताऱ्याला अर्ध्या अंशाहून जास्त उचलून दाखवते.