शंभर अंशांची धास्ती: लॅपटॉपच्या तापण्याविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच सूर असतो: लॅपटॉप तापतोय. या वेळी आलेल्यांपैकी एक पत्र थांबवून चालणार नाही, म्हणून सगळ्यांत आधी तेच घेतो.

प्रश्न: मुलगा लॅपटॉप गादीवर ठेवून तासन्‌तास गेम खेळतो. आठवडाभर टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय, झाकणही नीट बसत नाही. तापल्यामुळे असं झालं असेल का? सुट्टी संपेपर्यंत वापरला तर चालेल का? (एक आई, सांगली)

ताई, वापरू नका. हे वाचून झालं की लगेच लॅपटॉप बंद करा आणि चार्जर काढून ठेवा. टचपॅड उचलला गेला याचा अर्थ त्याच्याखालची बॅटरी फुगली आहे. आत वायू तयार होऊन तिचं पाकीट ताणलं गेलं आहे. झाकण दाबून बसवायला जाऊ नका आणि घरी स्क्रू उघडू नका. अशा बॅटरीला टोक लागलं तर ती पेट घेते. लॅपटॉप गादी, पडदे, कपडे यांच्यापासून लांब, उघड्या फरशीवर ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून मगच घेऊन जा. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

तापण्याचा यात हात असू शकतो. लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि कायम शंभर टक्के भरून चार्जरला लावलेली असेल तर आणखी लवकर. गेमिंग लॅपटॉप बहुतेक वेळा पोटाखालच्या जाळीतून हवा आत घेतो. गादीवर ती जाळी बुजते. मुलाला रागावू नका. ही जाळी कशासाठी असते हे त्याला कुणी सांगितलंच नसेल. नवी बॅटरी बसली की कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवायला सांगा आणि लॅपटॉपखाली एक लाकडी पाट द्या.

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर आय७-१२७००एच आहे. गेम खेळताना प्रोसेसर ९७ अंशांवर जातो. दुपारी खोलीतच ४० च्या वर तापमान असतं. प्रोसेसर जळेल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अकोला)

जळणार नाही. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोचताच तो स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही भागलं नाही तर लॅपटॉप बंद होतो. म्हणजे ९७ हा आकडा धोक्याचा नाही, पण पूर्ण माहिती देणाराही नाही. तापाचा आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारी वॅटचा आकडा ठेवा.

तुमच्या प्रोसेसरची मूळ शक्ती ४५ वॅट आहे आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरज पडली की वेग वाढवतो तेव्हा, तो ११५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि गेम अर्धा तास चालल्यावर ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ किती आहे ते बघा. ८० वॅट खर्चून ९७ अंश दिसत असतील, तर तुमचे पंखे आणि तांब्याच्या नळ्या आपलं काम चोख करत आहेत. फक्त प्रोसेसर जास्त खातोय. पण ३५ वॅटवरच ९७ दिसले, तर उष्णतेची वाट कुठेतरी अडली आहे: धूळ, वाळलेली पेस्ट (प्रोसेसर आणि तांब्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) किंवा बंद पडलेला पंखा. पहिल्या प्रकारात सेटिंग बदलायची असते, दुसऱ्यात लॅपटॉप उघडायचा असतो. हा भेद न करता लोक आधी कूलिंग पॅड विकत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता अकोल्याच्या दुपारीबद्दल. उष्णता वाहते ती तापमानातल्या फरकामुळे. खोली ३० अंशांवरून ४२ वर गेली, तर तेवढ्याच वॅटला प्रोसेसरही साधारण तेवढेच अंश वर सरकतो. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांचं वातावरण सांगते, आणि इतर अनेक कंपन्यांची कमाल मर्यादाही ३५ च्या आसपासच असते. विदर्भातली मेमधली दुपार त्या हिशोबात बसतच नाही. म्हणून जड गेम रात्री खेळा, किंवा खोलीत कूलर चालू असताना खेळा. फक्त कूलरचा ओला झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

सेटिंगमध्ये सगळ्यात आधी फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्या आकड्याला, लगाम घाला. १४४ ऐवजी ६० किंवा ९० वर थांबवलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचंही काम घटतं. हे महत्त्वाचं अशासाठी, की बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये दोघांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात आणि एकाची उष्णता दुसऱ्याच्या अंगावर येते. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. एक टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण ९९ ला टर्बोच बंद होतो. तुमच्या प्रोसेसरचे मोठे कोअर ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत उसळतात, त्यांचा मूळ वेग २.३ आहे. ताप झपाट्याने खाली येतो. ग्राफिक्स कार्डावर भिस्त असलेल्या गेममध्ये फरक कमी जाणवतो. कोड कंपाइल करताना मात्र चांगलाच जाणवेल, तेव्हा परत १०० करा.

प्रश्न: व्हिडिओत बघून अंडरव्होल्ट करायला गेलो, तर थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय कुलूपबंद दिसतो. माझंच काही चुकतंय का? (नाशिक)

तुमचं काही चुकत नाही. अंडरव्होल्ट, म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरवणं, का इतकं गुणकारी ते आधी सांगतो, कारण पुढचा उपाय त्यातूनच निघतो. प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, जवळपास १९ टक्के वीज वाचते आणि तेवढी उष्णता मुळात तयारच होत नाही. कंपनी प्रत्येक चिपला थोडं जास्त व्होल्टेज देते, म्हणजे त्यातली अशक्त चिपही अडखळू नये. तुमची चिप चांगली निघाली असेल, तर ते वरचं व्होल्टेज नुसतं तापण्यात जातं.

मग कुलूप का? डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्युव्हन आणि ग्राझ इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी उघड केली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातली आकडेमोड चुकवता येते आणि त्यातून गुपितं बाहेर काढता येतात, असं त्यांनी दाखवलं. त्यावर बायॉसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून हा रस्ता बंद करण्यात आला. काही जण जुना बायॉस परत टाकतात. मी तो सल्ला देणार नाही. त्या अपडेटबरोबर इतर सुरक्षा दुरुस्त्याही जातात, आणि अर्धवट बायॉसवर अडकलेला लॅपटॉप सोडवणं सोपं नसतं.

व्होल्टेजला हात लागत नसेल, तर वॅटची कमाल मर्यादा उतरवा. थ्रॉटलस्टॉपमध्ये किंवा लॅपटॉपच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएल१ (सलग चालतानाची) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती) या नावांनी त्या मर्यादा दिसतात, कंपनीने त्याही बंद केल्या नसतील तर. वेगाची शेवटची पायरी चढायला व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणून शेवटचे वॅट सर्वांत महाग पडतात. मर्यादा ११५ वरून ६० वर आणली तर वीज जवळपास निम्मी होते, वेग मात्र निम्मा होत नाही. मी स्वतःच्या लॅपटॉपवर ५५ ठेवलेत आणि रोजच्या कामात फरक कधी जाणवला नाही. एएमडीचा रायझन प्रोसेसर असणाऱ्यांनी बायॉसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ हा व्होल्टेज उतरवण्याचा पर्याय दिसतो का ते पाहावं. दिसलाच तर थोडं थोडं उतरा आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन दिवस आपलं नेहमीचं काम करून बघा. अस्थिर चिप चाचणीत पास होऊन नंतर रिकामी बसलेली असतानाही कोसळते.

प्रश्न: मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तीन वर्षांचा रायझन ७ ५८००एच आहे. पेस्ट बदलून घेतली, दोन महिने छान चालला, आता पुन्हा दहा मिनिटांत १०० च्या वर जाऊन मंद होतो. दुकानदाराने फसवलं का? (डोंबिवली)

फसवलंच असं मी म्हणणार नाही. पेस्टही चांगली असू शकते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपमध्ये ते नसतं. उघड्या सिलिकॉनवर तांब्याची पट्टी थेट टेकते. तापलं की दोन्ही पसरतात, निवलं की आक्रसतात, आणि या रोजच्या ये-जा मध्ये पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. मध्ये कोरडा ठिपका उरतो. दिवसाला चार व्हिडिओ रेंडर करणाऱ्याकडे हे लवकर घडतं.

तुमच्यासाठी मी पीटीएम७९५० सुचवेन. हनीवेलची ही पातळ पट्टी साधारण ४५ अंशांना मऊ होऊन सिलिकॉन आणि तांब्यामधल्या फटी भरते, आणि पेस्टसारखी बाहेर ढकलली जात नाही. लावल्यावर दोन-चार वेळा नीट तापून निवली की तिचा खरा गुण दिसतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर निकाल देऊ नका. पेस्टऐवजी काही जण लावतात त्या लिक्विड मेटलचा, म्हणजे द्रव धातूचा, मोह टाळा. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला अक्षरशः पोखरतं, आणि एक थेंब बाहेर ओघळला तर वीजवाहक असल्यामुळे बोर्ड शॉर्ट होतो.

दुकानात उघडतील तेव्हा समोर उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीची नमद्यासारखी चादर बसते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती फक्त मागे पंख्यात ढकलली जाते, म्हणून पंखा काढूनच ती उचलावी लागते. ब्लोअर मारायचाच असेल तर पाती बोटाने धरून, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. हीटसिंकच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या सांगाड्याच्या) स्क्रूंपाशी बहुधा १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे. आणि आजूबाजूच्या चिपांवरचे राखाडी थर्मल पॅड बदलले तर जाडी तीच हवी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लागला की तांब्याची पट्टी प्रोसेसरवरून उचलली जाते. एकदा मीच हे केलं होतं, आणि दुरुस्तीनंतर ताप वाढला कसा हे समजायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली.

प्रश्न: ऑफिसातून निघताना झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत ठेवते. घरी काढते तर चटका बसतो आणि बॅटरी अर्धी गेलेली असते. (पुणे)

हा लॅपटॉप झोपलेलाच नसतो. आजच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं: पडदा काळा होतो, पण आत मेल येत राहतात, अपडेट चालू होतात. बॅगेत हवा नाही, म्हणून उष्णता साठत जाते. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे ‘स्लीप’ ऐवजी ‘हायबरनेट’ निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून powercfg /hibernate on ही आज्ञा द्या. उठायला काही सेकंद जास्त घेईल, पण बॅगेत गार राहील.

प्रश्न: आमच्याकडे दमट, खारी हवा. कूलिंग पॅड घ्यावा का? (मालवण)

आधी मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून बघा. दोन बाटल्यांची झाकणं पुरतात. ज्या लॅपटॉपची जाळी खाली आहे त्याला बराचसा फायदा एवढ्यानेच मिळतो. त्याने ताप चार-पाच अंशांनी उतरला तर पॅडचा उपयोग होईल. काहीच हलला नाही तर पॅडवरचे पैसे वाचवा आणि आतली सफाई करून घ्या. तुमच्याकडे ती वर्षातून एकदा हवीच, कारण दमट हवेत धूळ सुटी राहत नाही, पात्यांना चिकटून लेप होतो, आणि खाऱ्या ओलाव्याने धातू गंजतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये उघडून घ्या.