कुठलाच वॉश चांगला नाही (उत्तर लांबलंय, सवडीने वाच)

तुझी पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. वय 26, अंधेरीत पीजीला राहतेस, अंगावरून पांढरं जातं, वास येतो, दिवसातून तीनदा इंटिमेट वॉशने धुतेस तरी थांबत नाही, आणि प्रश्न काय, तर कुठला वॉश चांगला. अंधेरीऐवजी मुलुंड लिही, बारा वर्षं मागे जा, की ती मीच. म्हणून आधी उत्तर: कुठलाच नाही. हातात आहे तोही आजपासून बंद. अगंतुगं करतेय, राग मानू नकोस, चाळिशीला आलेय मी. आणि मी डॉक्टर नाही, बँकेत आकडेमोड करते. तेव्हा हे तपासणीच्या ऐवजी वाचायचं नाही.

पांढरं जाणं मुळात आजार नव्हे, हे तुला माहीत असेलच. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्यासारखं तार धरतं, पाळीच्या आधी दुधाळ, घट्ट होतं, सगळं ठीक. मला मात्र हे कुणी सांगितलंच नव्हतं. आईचं ठरलेलं, "पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात." मग तांदळाचं धुवण, शतावरी. कंबर दुखायची ती दोन तास लोकलमध्ये उभं राहून, पण नाव पांढऱ्याचं. काळ्या निकरवर फिके डाग पडायचे, तेव्हा मी दुकानदाराला रंग कच्चा म्हणून शिव्या घालायचे.

माझी घोडचूक इथून सुरू झाली. जे जायलाच हवं त्याला मी घाण समजले. ऑफिसमधून घामाने चिंब होऊन यायचं, बादलीत जखमेवर लावायचं ते अँटिसेप्टिक झाकणभर ओतायचं आणि धुवायचं. नुसतं बाहेरून नाही, आतपर्यंत. सकाळ-संध्याकाळ, जवळजवळ आठ महिने. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण 3.8 ते 4.5 ठेवतात. दह्याइतकं आंबट म्हण. त्या आम्लानेच काळ्या निकरचा रंग उडतो, दुकानदार निर्दोष होता बिचारा. साध्या साबणाचा पीएच 9-10. राखणदार मी माझ्या हाताने मारले, मग भलतेच जिवाणू माजले, वास यायला लागला, आणि वास येतो म्हणून मी अजून धुतलं.

आता तो दवाखाना. नाव लिहीत नाही, पण बारा वर्षांत राग तसूभर उतरलेला नाही. काउंटरवरच्या बाईने भरल्या वेटिंगमध्ये मोठ्याने विचारलं, "मिस की मिसेस?" मिस म्हटल्यावर आतून तपासायचा विषयच संपला. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. काय होतंय याचं माझं अर्धं वाक्य ऐकून "फंगल आहे" म्हणाल्या आणि फ्लुकोनाझोल 150 ची, म्हणजे बुरशीवरची, एक गोळी लिहिली. पुढच्या महिन्यात तीच. तिसऱ्या महिन्यात तीच, वर "टेन्शन घेऊ नकोस, लग्न झालं की होईल ठीक." निघताना काउंटरवरून इंटिमेट वॉशची बाटली विकली, आणि मी ती घेतली! दर वेळची फी वेगळीच.

बुरशीचं असतं तेव्हा फाटलेल्या दुधासारखं घट्ट जातं, खाज आणि आग असते, वास फारसा नसतो. माझं पातळ, राखाडी होतं, मासळीसारखा वास आणि खाज जवळजवळ नाहीच. बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं, म्हणजे तेच भलते जिवाणू माजणं, त्यावर बुरशीची गोळी काय करणार? पिवळं-हिरवट, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी असू शकतो, तो संबंधातून येतो आणि तेव्हा जोडीदारालाही औषध लागतं. पण हे वाचून घरच्या घरी निदान करत बसू नकोस, लक्षणं एकमेकांत मिसळतात, दोन्ही एकदमही असतात. माझा मुद्दा इतकाच की कुणीतरी बघितलं पाहिजे. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि याआधी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के. गडचिरोलीचं समजू शकते. मी मुलुंड स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहत होते.

शेवटी ऑफिसमधल्या एका ताईने हाताला धरून पालिकेच्या रुग्णालयात नेलं. रांग होती, केसपेपर होता, बाकडं मोडकं होतं. आतली डॉक्टर माझ्याहून लहान. तिने लग्नाचं विचारलंच नाही. हळू आवाजात विचारलं, "कधी संबंध आलेत का? नसतील तर स्पेक्युलम घालत नाही, बारीक काडीने स्वॅब घेते." (स्पेक्युलम म्हणजे आतलं बघायला घालतात ते उपकरण, स्वॅब म्हणजे काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना.) पाच मिनिटांत झालं. पीएचचा कागद लावून बघितला, जिवाणूंवरचं मेट्रोनिडाझोल 400 दिवसातून दोनदा सात दिवस लिहून दिलं, आणि म्हणाली की ती बाटली फेकून दे. (तू आपल्या मनाने घेऊ नकोस, हे माझं औषध होतं.) तीन महिन्यांनी एकदा परत आलं, ते यात होतं बऱ्याच जणींना, घाबरू नकोस. तेव्हा लग्न झालेलं नाही म्हणून कुणी तपासणी टाळली तर सरळ म्हण, "मला स्वॅब द्यायचाय." तरी टाळलं तर उठून दुसरीकडे जा. मी तीन फेऱ्या मारल्या, तू एकही मारू नकोस.

रोजचं म्हणशील तर बाहेरून साधं पाणी, आत काही नाही, पुसायचं पुढून मागे. पँटीलायनर रोज लावून बसू नकोस, आपल्या हवेत तिथे दमट राहतं. आणि निकर ओढणीखाली लपवून वाळत घालणं सोड गं! जुलैत मुंबईत उघड्यावरचं वाळत नाही, ओढणीखालचं काय वाळणार? मी तर सरळ इस्त्री फिरवायचे. केमिस्ट खाजेसाठी "थ्री इन वन" क्रीम देईल, घेऊ नकोस. त्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी पसरत जाते. माझी बहीण त्यात सहा महिने अडकली होती. बुरशी परत परत होत असेल तर साखर तपासून घे.

ओटीपोटात दुखून ताप आला, संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त गेलं, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर माझ्यासारखीच्या उत्तराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पाळी बंद झालेल्या आईला डाग दिसला तरी तेच.

स्वॅब द्यायच्या आधी दोन दिवस आत काही औषध ठेवू नकोस, धुऊन-बिऊन जाऊ नकोस, पाळी चालू असेल तर संपू दे. वासाची लाज वाटून धुऊन गेलीस तर त्यांना सापडणार काय? शनिवारी सकाळी लवकर जा, सोमवारी फार गर्दी असते. एकटीला जायला नको वाटलं तर मेसेज कर, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते.