‘चर्चची स्थापना’ की ‘मंडळीची स्थापना’?

छत्रपती संभाजीनगरहून आलेला प्रश्न असा: ‘छावणीतल्या आमच्या जुन्या अँग्लिकन चर्चची स्मरणिका काढायची आहे. मथळ्यात चर्चची स्थापना लिहावं की मंडळीची? आणि मंडळीची की मंडळींची?’

आधी अनुस्वाराचं, कारण मुद्रितशोधनात हमखास घोटाळा तिथेच होतो. रोजच्या बोलण्यात ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसं, म्हणून ‘मंडळींनी जेवून घ्यावं’. ख्रिस्ती मराठीत मात्र ‘मंडळी’ ही एक संस्था आहे: स्त्रीलिंगी, एकवचनी. ‘मंडळीने ठराव केला’, ‘मंडळीचा इतिहास’. तिचं अनेकवचन ‘मंडळ्या’. मराठी बायबलातल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्या आहेत. तेव्हा ‘मंडळीची स्थापना’च बरोबर. शुद्धलेखन तपासणारा सवयीने अनुस्वार देईल, त्याला आधीच सांगून ठेवा.

‘चर्च’ हा शब्द मूळ ग्रीक ‘कुरिआकोन’वरून आला, म्हणजे प्रभूचं ते. ‘मंडळी’ हा ग्रीक ‘एक्लेसिया’चा मराठी पर्याय, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. गंमत अशी की कोकणीतला ‘इगर्ज’ पोर्तुगीजमार्गे याच ‘एक्लेसिया’तून आला, पण त्याचा अर्थ झाला इमारत. मराठीत ‘चर्च’ इमारतीलाही म्हणतात आणि संस्थेलाही. त्यामुळे ‘चर्चची स्थापना’ लिहिलं की वाचणारा कोनशिलेवरचं साल धरतो आणि मंडळीचं वय चुकतं.

कोनशिलेवरचं साल बांधकाम सुरू झाल्याचं असतं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, रीतीत इमारतीचं समर्पण बिशप करतात. ते पुढे, कधी काही वर्षांनी होतं. मंडळी या दोन्हींच्या आधी घरात, शाळेत किंवा झाडाखाली भरत असू शकते. छावणीच्या गावात आणखी एक गुंता असतो: गोऱ्या शिपायांसाठी चॅपलन, म्हणजे पलटणीचे पाद्री, घेत ती इंग्रजी उपासना वेगळी आणि मिशनने उभी केलेली मराठी मंडळी वेगळी. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशनसंस्थेचं काम मूळचे पारशी असलेल्या रतनजी नवरोजींनी केलं. त्या मंडळीला पलटणीच्या चर्चचं साल देणं म्हणजे तिचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढवणं.

मंडळीचं साल शोधायला बाप्तिस्म्याची नोंदवही उघडा. पहिली नोंद बघून थांबू नका. ‘ठिकाण’ आणि ‘व्यवसाय’ हे रकाने वाचा. व्यवसायात ओळीने शिपाई, सार्जंट असतील तर ती पलटणीची वही. आसपासच्या खेड्यांची नावं आणि मराठी आईबापांची नावं सलग येऊ लागतात, तिथून मंडळी दिसू लागते. वही वाळवीने खाल्ली असेल तरी आशा सोडू नका. पलटणीच्या चॅपलनांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

मथळा ‘मंडळीची स्थापना’ ठेवा. इमारतीसाठी ‘कोनशिला बसवली’ आणि ‘समर्पण झालं’ अशी वेगळी वाक्यं लिहा, प्रत्येकाला स्वतःचं साल द्या.

‘अँग्लिकन’ हे विशेषणही जपून वापरा. भारतातलं अँग्लिकन चर्च 1930 साली इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ते इतर पाच चर्चसंस्थांबरोबर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त सामील झालं. त्यानंतरच्या वर्षांसाठी ‘पूर्वाश्रमीची अँग्लिकन मंडळी’ लिहा. जालन्याकडच्या मंडळ्यांना तर तेही लावू नका. तिथलं काम नारायण शेषाद्रींचं, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेस्बिटेरियन. त्या परंपरेत बिशप नसत, ‘वडील’ म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ असत.