प्रयोगशाळेतून पेटंटच्या कामाकडे

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. झाली आहे. पेटंटच्या क्षेत्रात यायचं आहे. आधी एलएलबी करावी लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आधी पेटंट एजंटची परीक्षा द्या. पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी एवढंच लागतं. पहिला पेपर कायदा व नियमांचा, दुसरा मसुदा लिहिण्याचा आणि त्याचा अर्थ लावण्याचा. प्रत्येकी १०० गुण, शिवाय तोंडी परीक्षा ५० गुणांची. दोन्ही पेपरांत किमान ५० आणि एकूण ६० टक्के मिळायला हवेत. दोन्हीकडे जेमतेम ५० पडले, तर तोंडीत पैकीच्या पैकी मिळवावे लागतात, तेव्हा कुठे १५० भरतात. म्हणून दुसऱ्या पेपरला, म्हणजे रोज हाताने दावे (शोधावरच्या हक्काची हद्द सांगणारी वाक्यं) लिहिण्याच्या सरावाला, सगळ्यात जास्त वेळ द्या. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही. जाहिरात निघाली की लगेच अर्ज भरा.

एजंट म्हणून अर्ज तयार करता येतात, पेटंट कार्यालयापुढे सुनावणीत बाजू मांडता येते. उच्च न्यायालयात मात्र वकिलीची सनद लागते. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झालं आणि पेटंटची अपिलं थेट उच्च न्यायालयात जाऊ लागली, तेव्हापासून विज्ञान कळणाऱ्या वकिलाची गरज वाढली आहे. तीन वर्षांची एलएलबी त्यासाठीच करायची, तीही नियमित. घरबसल्या पत्राद्वारे मिळवलेल्या पदवीवर सनद मिळत नाही. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात : पूर्णवेळ पगारी नोकरी चालू असताना वकिली करता येत नाही. कंपनीच्या पेटंट विभागात राहायचं की कोर्टात जायचं, हे तेव्हा ठरवावंच लागतं.

प्रश्न : शास्त्रज्ञाने लिहिलेला मसुदा वकिलाला का पटत नाही?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : शोधनिबंधात आपण जे केलं ते लिहितो, दाव्यात दुसऱ्याने काय करायचं नाही, त्याचं कुंपण घालतो. समजा तुम्ही लिहिलंत, ‘३७ अंश सेल्सिअस आणि ७.२ पीएचला ४८ तास किण्वन.’ प्रतिस्पर्धी ३५ अंशाला तेच करेल आणि मोकळा सुटेल. बरं, ‘२० ते ६० अंश’ लिहावं, तर प्रयोग एकाच तापमानाचा. मग पेटंट कार्यालयाचा परीक्षक विचारणार, बाकीच्या पट्ट्यात हे चालतं याला आधार काय? म्हणून अर्ज करण्याआधी ३०, ३७ आणि ४२ अंशांवरचे प्रयोग करून घ्या, मुख्य दावा ३० ते ४२ चा ठेवा आणि ३७ उपदाव्यात, म्हणजे मुख्य दाव्यावर आधारलेल्या अरुंद दाव्यात घ्या. प्रयोग नंतर जोडून हे भोक बुजत नाही.

सूक्ष्मजीव नवा असेल आणि शब्दांत पुरेसं वर्णन होत नसेल, तर नमुना चंडीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीएमआर या सूक्ष्मजीव संग्रहात अर्जाच्या तारखेपर्यंत जमा झालेला हवा. दोन्ही संस्थांना बुडापेस्ट कराराखाली, म्हणजे पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली मान्यता आहे. नमुना कुठून घेतला, तेही लिहावं लागतं. माती भारतातली असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता पेटंट मंजूर होण्याआधी व्हायला हवी. हे शेवटच्या महिन्यावर ढकललं की अर्ज अडकतो.

आणि पोस्टर, प्रबंध, शोधनिबंध, काहीही अर्जाआधी बाहेर जाऊ देऊ नका. अपवाद आहेत, पण इतके अरुंद की त्यांच्या भरवशावर राहू नये. घाई असेल तर तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यापुढे १२ महिने मिळतात.

प्रश्न : जुन्या औषधाचा नवा क्षार जास्त विरघळतो. पेटंट मिळेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तेवढ्यावर नाही. पेटंट कायद्याचं कलम ३(डी) आडवं येतं : माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप जास्त परिणामकारक नसेल, तर त्याला शोध मानत नाहीत. नोव्हार्टिस कंपनीच्या इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिक रूपावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची परिणामकारकता. शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, एवढा आकडा तिथे पुरला नाही. तेव्हा विद्राव्यतेचा आलेख नव्हे, तर जुनं रूप आणि नवं रूप शेजारी ठेवून, प्राण्यांत किंवा रुग्णांत, रोगावरचा फरक दाखवणारी तुलना करून घ्या. तीही स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातलं शोधाचं सविस्तर वर्णन, लिहिण्याआधी. पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आल्यावर उत्तराला सहा महिने मिळतात, अर्ज करून आणखी तीन. तेवढ्यात असा अभ्यास उभा राहणं फार कठीण.