नगरच्या सासूबाईंना काय सांगायचं?

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय, "लेकीनं माउंट होल्योकला, मॅसॅच्युसेट्समधल्या मुलींच्या छोट्या कॉलेजला, जायचं ठरवलंय. आमच्या ओळखीत कुणी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही. सासूबाई नगरहून रोज विचारतात, हे कसलं कॉलेज? चार लोकांत काय सांगू?"

ताई, तुमची घालमेल कळते. आपण दोन बॅगा घेऊन इथे उतरलो तेव्हा डिग्रीवरच्या नावानंच तारलं, ती धास्ती अजून अंगात आहे. पण रागावू नका, तुमच्या पत्रात 'लोक' आलेत आणि पोरीला काय शिकायचंय ते एकदाही नाही.

हे कॉलेज उभं कसं राहिलं ते तरी बघा. मेरी लायन ही मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याची मुलगी, वडील लहानपणीच गेले. मुलींना कॉलेजची दारं बंद होती, तेव्हा ही बाई हिरवी मखमली पिशवी घेऊन गावोगाव वर्गणी मागत फिरली. शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांनी जमेल तसे डॉलर-सेंट टाकले. 1837 च्या नोव्हेंबरात साधारण 80 मुलींनिशी शाळा उघडली, तेच आजचं माउंट होल्योक. राहणं-जेवण धरून वर्षाची फी 60 डॉलर! मुलीच स्वयंपाक करायच्या, धुणी-भांडी करायच्या, म्हणून ते परवडायचं.

अशाच दुसऱ्या छोट्या कॉलेजांचंही बघा. जवळचं अ‍ॅमहर्स्ट 1821 चं. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या गरीब मुलांसाठी 50,000 डॉलरचा निधी गोळा करून ते सुरू झालं. ओहायोच्या ओबर्लिननं 1835 मध्ये, दक्षिणेत गुलामगिरी चालू असताना, कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यायचं ठरवलं.

आणि सासूबाईंना हे नक्की सांगा. 1806 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्याच विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीआड बसून परदेशी ख्रिस्ती मिशनच्या गोष्टी करत होते. त्यातूनच पुढे अमेरिकन मिशन बोर्ड निघालं. विल्यम्सचाच गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला आणि मराठी शिकला. याच मिशनच्या सिंथिया फरार नगरला मुलींना शिकवायच्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले. सासूबाईंचं नगर या छोट्या कॉलेजांना नवखं नाही!

माझ्या थोरल्याला आम्ही हट्टानं मोठ्या युनिव्हर्सिटीत घातलं. एकेका वर्गात तीनशेवर मुलं. तो अख्खं सत्र खोलीत पडून होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. धाकटी छोट्या कॉलेजात गेली. फ्लूमुळे तिचे दोन तास बुडाले, तर तिसऱ्या दिवशी प्राध्यापकबाई सूपचा डबा घेऊन होस्टेलच्या दारात. त्या दिवशी मी फोनवर रडले. म्हणून सांगते, वर्गात किती मुलं असतात आणि शिकवतं कोण, हे आधी विचारा.

फीचा आकडा बघून दचकू नका. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते तो सांगतो, त्यात घरचं उत्पन्न घालून बघा. मात्र तुम्ही व्हिसावर असाल तर आर्थिक मदतीचे नियम वेगळे असतात, तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात फोन करून विचारा.

 

प्रवेश पक्का कळवायच्या 1 मेच्या मुदतीआत लेकीला घेऊन साउथ हॅडलीला, कॉलेजच्या गावी, जा. मेरी लायनची कबर आवारातच आहे. संस्थापक दिनाला मुली नोव्हेंबरच्या थंडीत भल्या पहाटे तिथे जमून आइस्क्रीम खातात. तिथे उभ्या राहून लेकीला विचारा, तुला काय शिकायचंय?