‘टॉप मॉडेल’ नव्हे, साज!

प्रश्न आला आहे तो असा : 1970 च्या दशकातल्या कॅडिलॅक या अमेरिकी आलिशान गाड्यांमध्ये वरची कोणती, ‘डी व्हिल’ की ‘फ्लीटवुड ब्रोघम’? आणि असल्या ‘ट्रिम लेव्हल’ला मराठीत ‘श्रेणी’ म्हणावं का?

श्रेणी नको. आणि ‘टॉप मॉडेल’ तर मुळीच नको. ‘टॉप मॉडेल घेतली’ हे मी रोज ऐकतो आणि रोज चिडतो. अहो, मॉडेल म्हणजे ती गाडीच! बॉडी तीच ठेवून सीटचं कापड, छपरावरचं व्हिनाइल, क्रोमच्या पट्ट्या बदलतात, ते ट्रिम. त्याला आपल्याकडे घोड्याच्या पाठीवरचा शब्द तयार आहे : साज.

कोशकार ‘साज’ फारसीच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. मला हे साफ अमान्य आहे. प्राकृत ‘अज्ज’चं आज झालं, ‘कज्ज’चं काज झालं, लज्जेची लाज झाली. मग ‘सज्ज’चा साज व्हायला इराणपर्यंत जायचं कशाला? साजणे, साजेसा ही घरची माणसं शेजारीच उभी आहेत, त्यांना तरी विचारा. फारसी शब्दाने पुढे हातभार लावला असेल, पण बीज इथलंच.

आणि या ‘सज्ज’चं पोट उघडून पाहा. स अधिक ज्या. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी चढवलेलं धनुष्य ते सज्ज! आपण साजही ‘चढवतो’, तो त्याच दोरीच्या आठवणीने, असं माझं ठाम मत आहे. आता इंग्रजी ‘ट्रिम’ घ्या. कातरण्याचा अर्थ सोडून द्या, तो सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ धातूचा अर्थ पक्कं करणे, सिद्ध करणे. मग जहाज सफरीला तयार करणे, मग नटवणे. म्हणजे दोन्ही शब्द ‘तयार’पासून निघाले आणि ‘नटलेला’ इथे पोचले. याहून चपखल प्रतिशब्द कुठून आणणार?

हां, कॅडिलॅक. वरची फ्लीटवुड. पण 1971 ते 1976 तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 133 इंच आणि डी व्हिलचा 130, म्हणजे फरक सांगाड्याचाच होता. तिथे साज म्हणणंही चूक. 1977 साली दोघी 121.5 इंचांवर आल्या, तेव्हापासून फरक बहुतांशी साजाचा. वर पुन्हा ‘डेलिगन्स’ हा जादा साज होताच, उशांसारख्या गुबगुबीत सीटचा. खुद्द डी व्हिलही साज म्हणूनच जन्मली : 1949 साली ‘सिरीज 62’ची सगळ्यात नटलेली कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, आणि 1959 मध्ये तिची स्वतंत्र सिरीज झाली.

राहिलं ‘ब्रोघम’. त्यातला ‘घ’ आधी काढा, तो कुणीच उच्चारत नाही. ‘ब्रूम’ म्हणा, फार तर ‘ब्रोअम’. हे इंग्लंडचे लॉर्ड चान्सलर हेन्री ब्रूम यांचं नाव. 1838 च्या सुमारास त्यांच्यासाठी लंडनमध्ये बांधली गेली ती एका घोड्याची, आटोपशीर, बंद बग्गी, आत मुळात दोघांपुरती जागा. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी हे नाव उचललं आणि आपल्या सगळ्यात लांबलचक, मखमली गाड्यांवर डकवलं.